सफरचंदाची म्हातारी

ये, बस अशी. तू या खोलीत नवी आहेस, म्हणून आधीच सांगून ठेवते. खिडकीपाशी टांगलंय ना, त्या सफरचंदाला मला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि दिवा जरा अलीकडे ओढ. नोव्हेंबरात या तळ्यावरून अंधार कसा भसकन येतो, ते कळेलच तुला.

तशी गोष्ट साधीच. ऑक्टोबर सरता सरता हॅलोविन, तो भुताखेतांचा सण, जवळ आला की इथे वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना हस्तकलेला बसवतात आणि घरच्यांना बोलावतात. हस्तकला म्हटलं की माझ्या मस्तकात तिडीक उठते. भोपळ्याला डोळे पाडा, बिस्किटाला चॉकलेटचे पाय चिकटवून कोळी करा... अरे, आम्ही म्हातारे झालोय, खुळे नाही झालो! पण माझी लेक रोंडा आणि नात जुनिपर एवढ्या लांबून गाडी हाकत येतात, म्हणून मुकाट बसते.

यंदा एका रविवारी मात्र टेबलावर बिस्किटांशेजारी सफरचंदंही होती. हस्तकला शिकवणारा पेल्की म्हणाला, सफरचंदाच्या डोक्याच्या बाहुल्या करायच्या. माझा हात आपसूक सुरीकडे गेला. हे काम आमच्या आईने शिकवलेलं. सफरचंद सोलायचं, डोळे, नाक, तोंड खोल कोरायचं, डोळ्यांत लवंगा खोचायच्या, मीठ-लिंबाच्या पाण्यात बुडवायचं आणि उबेला टांगायचं. दोन-तीन आठवड्यांत ते आटून सुरकुततं आणि त्यातून कुणीतरी म्हातारं माणूस आपल्याकडे बघायला लागतं. आई म्हणायची, ज्याची आठवण काढत कोराल, ते माणूस येतं.

"आजी, तू कुणाचं करतेयस?" जुनिपरने विचारलं.

"विनीचं."

रोंडाचा हात थांबला. "आई, पुन्हा तेच? उगाच जिवाला त्रास करून घेतेस."

"माझा जीव आहे, मी बघून घेईन. तू तुझ्या कोळ्याचे पाय मोज, सात झालेत."

विनी माझी जुळी बहीण. सहा वर्षांची असताना तापाने गेली. पुढे घराला आग लागली, त्यात तिचे सगळे फोटो गेले. तिला पाहिलेलं आता माझ्याशिवाय कुणी उरलं नाही, आणि गेल्या वर्षापासून मलाच तिचा चेहरा आठवेना. तिचा फ्रॉक आठवे. डावखुरी होती म्हणून वर्गात खाल्लेला मार आठवे. चेहऱ्याच्या जागी नुसतं धुकं. माणूस दुसऱ्यांदा मेल्यासारखं वाटायचं गं. मला डोळे मिटायच्या आधी तिला एकदा बघायचं होतं, बस्स.

"मग हिचं तोंड छोट्या मुलीचं होईल?" जुनिपर म्हणाली.

"नाही बाळा. सफरचंदाला म्हातारपणच येतं."

हीटरवर, खिडकीच्या कडीला मी ते टांगलं. खोलीभर लवंगांचा आणि आंबटगोड वास भरून राहिला. दुपारी खुर्चीत डुलकी लागली की वाटे, कुणीतरी जवळ बसून सफरचंद खातंय. कुरुम... कुरुम... डोळे उघडावेत तर पडदा हललेला असे. मला भीती नाही वाटली. उलट डोळे मिटूनच राहावंसं वाटे.

हॅलोविनच्या सकाळी मी ते खाली काढलं. त्याच्या वरच्या ओठाला खाच होती. मी ती कोरली नव्हती. विनीच्या ओठाला बर्फावरच्या घसरगाडीचं पातं लागलं होतं, आणि ते मी साफ विसरून गेले होते. ती विनीच होती, पण माझ्याएवढी म्हातारी झालेली. म्हणजे कुठेतरी तीही वाढत होती, एकटीच. मी हमसून हमसून रडले. म्हटलं, "कुठे होतीस गं बये इतकी वर्षं?"

बाहुलीला फ्रॉक घातला, खिडकीत बसवलं. दुपारी रंगीबेरंगी सोंगं घेतलेली पोरं दारोदार गोळ्या मागून गेली. दिवस कलल्यावर मी तिच्यापुढे एक गरम डोनट ठेवला. हॅलोविनच्या संध्याकाळी, मरून गेलेल्या आपल्या माणसांसाठी असं काही मांडायची आमच्या आईची रीत होती.

सकाळी डोनट जसाच्या तसा होता. शेजारी, माझ्या दात ठेवायच्या पेल्यात, दुसरं सफरचंद होतं. सोललेलं, कोरलेलं, मीठ-लिंबाच्या पाण्यात बुडवलेलं. सोललेलं सफरचंद बघता बघता तांबूस पडतं. हे पांढरंशुभ्र होतं, आत्ता कोरल्यासारखं.

इथल्यांनी फोन केला, तशी रोंडा जुनिपरला घेऊन धावत आली. "आई, खरं सांग, सुरी कुठे लपवलीस?"

"सुऱ्या पेल्कीच्या कपाटात. किल्ली त्याच्या गळ्यात. झडती घे हवी तर!"

तिने गादी उलटली, खण उपसले. सुरी कुठली सापडायला! मी तिला सुरीचे काप दाखवले. सगळे उलट्या बाजूने ओढलेले होते, डाव्या हाताने ओढतात तसे. रोंडाचं तोंड उतरलं. ती म्हणाली, "फेकून देते हे."

"हात लावून तर बघ," मी म्हणाले.

जुनिपर मात्र पेल्यात टक लावून बघत होती. हळूच म्हणाली, "आजी... तिलाही तुझा चेहरा आठवत नसेल."

मी स्वतःच्या हाताने ते सफरचंद कडीला टांगलं. बहिणीने एवढं मागितलं, नाही कसं म्हणायचं?

आता बघ. आठवडे झाले, एक सुरकुती नाही. गाल गोबरे, हनुवटीवर खळी. पुढचा एक दात पडलेला. विनी गेली त्याच आठवड्यात माझा तो दात पडला होता. तिला आठवते ती मी अशी. सहा वर्षांची.

रोज जरा जास्त भरतं ते. परवा गालांवर लाली आली. रोंडाला मी सांगितलेलं नाही, तिला उगाच घोर.

तू लाव हात. लाव, मीच सांगतेय ना. कोमट लागतं की नाही? हीटर परवापासून बंद आहे, बघ खाली वाकून...

आता तोच हात माझ्या गालाला लाव.

का गं? हात का ओढून घेतलास? एवढा गार लागला?