विट्याच्या चढावर अडलेला ट्रक

जतहून सुटणारी मोटार चुकली तेव्हा सुलाने मनातल्या मनात देवाला हात जोडले. तोच मागून एक जुना लष्करी ट्रक येऊन बापलेकीपुढे थांबला.

"चढा, साताऱ्यालाच चाललोय," ड्रायव्हर म्हणाला.

सुलाला त्याचा असा राग आला! संध्याकाळी साताऱ्यात, थोरल्या बहिणीच्या घरी, तिची सुपारी फुटायची होती. आणि तो नवरदेव? बघायला आला तेव्हा तिच्यापेक्षा बापाच्या मेंढरांकडेच जास्त बघत होता.

ड्रायव्हरचं नाव अर्जुना. नुकताच लढाईवरून परतलेला, हसरा, बोलका. तिच्या बापाने, धुळाने, बसल्या बसल्या त्याचं गाव, आजोळ, पावणं-रावळं सगळं काढलं. विटा येईतो तो धुळाच्या लांबच्या चुलतबहिणीचा लेक निघाला. म्हणजे सुला त्याच्या मामाची लेक झाली की! अर्जुनाने धुळाच्या पागोट्याआडून हळूच पाहिलं... तिने पदर सावरला, पण नजर काही वळवली नाही.

विट्यापुढे चढ लागला. गिअर टाकताना खर्रर्र—! पुन्हा टाकला, पुन्हा खर्रर्र.

"क्लच पुरता सुटंना झालाय," म्हणत अर्जुनाने ट्रक बाभळीखाली घेतला आणि तो गाडीखाली सरपटला. धुळा सावलीला आडवा झाला, तो घोरायलाच लागला.

सुलाने मात्र दारातून पाहिलं. तापलेल्या पत्र्याने अनवाणी पाय भाजतात म्हणून बापाने खाली घोंगडी टाकली होती. ती घोंगडी सरकत सरकत क्लचच्या पायडलाखाली जाऊन बसली होती. पायडल पुरतं दबणारच नाही, तर क्लच सुटणार कसा! पण सुला गप्प राहिली. ट्रक इथंच अडला तर बरंच होतं.

"सापडलं का दुखणं?" तिने वाकून विचारलं.

"न्हाई. लय अवघड हाय."

"लढाईत बी असंच का? शत्रू आला की गाडीखाली?"

"शत्रू तुमच्यावानी असता, तर... गेलो नसतो."

तिला हसू आवरेना. ऊन कलायला लागलं तरी बिचारा घामाघूम होऊन ठोकठोक करतच होता. शेवटी तिचंच मन तिला खाऊ लागलं.

"आवं... पायडलाखालची घोंगडी काढा. मला मघाच दिसली हुती."

अर्जुना बाहेर आला. तोंडभर काळं, डोळ्यांत खट्याळपणा. "मला तर गाडी थांबवतानाच दिसली."

"मग एवढा वेळ खाली काय करत हुता?"

"तुमाला साताऱ्यात पोचवायचं... माझ्यानं हुईना, सुला."

सुला तडक बापाकडे गेली, त्याला हलवून जागं केलं. "आबा, मला त्या घरात न्हाई जायचं. मला अर्जुना आवडलाय."

धुळाने डोळे चोळले. पोरीकडे पाहिलं, मान खाली घालून उभ्या अर्जुनाकडे पाहिलं.

"मग वाटभर पावणं मी काय गंमत म्हणून काढत हुतो व्हय?" तो म्हणाला. "तिकडं अजून शब्द दिलेला न्हाई. त्यांना मी हात जोडतो. सुपारी आजच फुटंल... तुमची दोघांची!"

सुला उडी मारूनच ट्रकमध्ये चढली. "आवं, बघताय काय? जोरात हाणा की गाडी... सातारा लय लांब हाय!"