शेवटची गाठ दुहेरी

परदेशातलं तिचं हे पहिलंच एकल प्रदर्शन. दुसऱ्याच दिवशी पेपरवाल्यांनी तिला डोक्यावर घेतलं. दालनाच्या मधोमध टांगलेलं सुती दोरांचं अवाढव्य शिल्प बघायला लोक रांगा लावत होते.

"इतक्या गाठी कोणी मारल्या?" मुलाखतीत विचारलं गेलं.

"मीच. एकटीनं."

खरं तर आराखडा तेवढा तिचा. अकरा वर्षं गाठी मारत होती तिची थोरली बहीण.

चौथ्या सकाळी दालनाची व्यवस्थापक टेप घेऊन उभी होती. "हे जमिनीपासून हातभर वर होतं ना? आज टेकलंय."

"सूत सैल पडतं," ती म्हणाली आणि खाली वाकली. दोर जराही ताणले नव्हते. तळाशी गाठींच्या नव्या ओळी होत्या. ताईच्याच पद्धतीच्या, शेवटची गाठ दुहेरी. बोट लावलं तर कोमट लागल्या.

संध्याकाळी तिनं घरी फोन लावला.

"मला काय धाड भरलीय?" ताई हसली. "फक्त गाऊन पायात येतोय. चपलाही मोठ्या होताहेत. हे चिडवतात मला."

रोज नवी ओळ येत राहिली. दहाव्या दिवशी भावजींचा फोन आला. त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती.

"तिचा हात दाराच्या कडीला पुरत नाही. डॉक्टरांनी हात टेकले. ती एकच म्हणते, ते शिल्प उतरव."

ती तडक संचालकांच्या खोलीत गेली. तोंड उघडायच्या आत त्यांनी कागद पुढे सरकवला. मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार, तीन देशांत वर्षभर प्रदर्शन.

"वाढणारं शिल्प!" ते म्हणाले. "फक्त ते उतरवायचं नाही. आहे तसंच हलवू."

तिनं पेन उचललं. सही नेहमीसारखीच झोकदार आली.

"उतरवणं माझ्या हातात नाही," असं तिनं भावजींना कळवलं.

पुरस्कार सोहळ्याच्या दुपारी टाळ्या थांबेनात. तेवढ्यात फोन वाजला. ती कोपऱ्यात गेली. आधी काही ऐकूच येईना. मग ताईचा आवाज आला, सुताच्या धाग्याएवढा.

"यांनी मला खिडकीत ठेवलंय. ऊन छान लागतं गं. कधी येतेस?"

"लवकरच," ती म्हणाली.

पलीकडे काहीतरी धडपडलं. भावजी घाईघाईनं फोनवर आले.

"ठेवतो. खिडकी उघडी राहिली आणि मांजर आत आलंय."