नळीतला खोकला

ही गोष्ट खरी आहे. मी ती नीट सांगू शकेन की नाही, याची मात्र खात्री नाही.

गाव मोदेना. १९८६ सालचा १५ ऑगस्ट. रात्र नव्हती, भर दुपारचे अडीच वाजले होते. आमच्याकडे हा भर उन्हाळ्यातला सणाचा दिवस, सारं गाव समुद्रावर गेलेलं.

गॅरेजमध्ये एकटा लोरिस होता. माझे भाऊजी एर्मेस यांच्या हाताखाली त्याने वीस वर्षं काढली होती. भाऊजी फेब्रुवारीत गेले. याच गॅरेजमध्ये. डॉक्टर म्हणाले, हृदय.

माझी बहीण दोरिना, म्हणजे भाऊजींची बायको, त्याला खरबुजाच्या फोडी द्यायला आली.

"आज कुत्रंसुद्धा बाहेर नाही, आणि तू इंजिनाशी गप्पा मारतोस?"

"उद्या गाडी न्यायला येणार आहेत, दोरिनाबाई."

तिने जुन्या स्पोर्ट्स गाडीच्या उघड्या बॉनेटखाली डोकावून पाहिलं. "मोठे कार्बोरेटर बसवलेस? एर्मेस म्हणायचा, चिमणीच्या चोचीत अख्खा पाव कोंबू नये."

"गिऱ्हाइकाला मोठेच हवेत. उस्ताद माझ्याबद्दलही बरंच काही म्हणायचे."

"म्हणायचा ना. हात सोन्याचा, डोकं सुट्टीवर."

ती हसत निघून गेली. लोरिस हसला नाही.

इंजिनाला हवा-पेट्रोल पुरवणारे तीन कार्बोरेटर, प्रत्येकाला हवा ओढणारे दोन घसे. रबरी नळीचं एक टोक कानात घालायचं, दुसरं घशाशी धरायचं. आत जाणारी हवा सुस्कारते. सहाही घसे एकसारखे सुस्कारेपर्यंत स्क्रू फिरवत राहायचं. उस्तादांनीच त्याला हे शिकवलं होतं.

बाहेर झाडांवर उन्हाळी किडे किर्र करत होते. सुस्कारा ऐकू येईना.

म्हणून त्याने शटर खाली ओढलं.

धूर जाण्यासाठी गाडीच्या मागून भिंतीतल्या भोकापर्यंत जाड पाइप लावलेला होता. तो गाडीला घट्ट धरणारी पट्टी त्याने आवळली. पुन्हा एकदा आवळली. मग इंजिन चालू केलं.

पाच घसे जुळले.

सहाव्यावर नळी धरली...

हवा आत गेली. मग बाहेर आली.

कोमट. थेट त्याच्या कानात.

कार्बोरेटर श्वास सोडत नाही. तो फक्त घेतो.

लोरिसने चावी फिरवली. इंजिन थांबलं.

कानातला श्वास थांबला नाही...

त्याने नळीच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. ते सहाव्या घशापाशी नव्हतंच. मागच्या टेबलावर उस्तादांचे जुने, काढून ठेवलेले कार्बोरेटर होते. त्यांतल्या एकाच्या तोंडात ते टोक होतं.

त्या कार्बोरेटरला ना इंजिन जोडलेलं होतं, ना पेट्रोल.

मग खोकला आला. ओला, दोनदा अडकणारा. वीस वर्षं ऐकलेला.

"लोरिस... पट्टी."

त्याने वळून पाहिलं. पट्टी सुटून जमिनीवर पडली होती. पाइपही. सगळा धूर आतच कोंडला होता.

फेब्रुवारीतही असंच झालं होतं. थंडी म्हणून उस्तादांनी शटर ओढलं होतं. पाइप लोरिसने लावला होता, आणि पट्टी आवळायला तो विसरला होता. परत आला तेव्हा उस्ताद जमिनीवर होते, नळी कानात. लोरिसने आधी इंजिन बंद केलं. मग पट्टी आवळली. हाका त्यानंतर मारल्या.

हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

तो शटरकडे धावला. शटर हलेना. कुलूप नव्हतं, अडसर नव्हता. त्याने मुठी आपटल्या. ऐकायला गावात होतं कोण?

बाहेरचे किडे गप्प झाले होते.

डोकं जड झालं. नळी अजून कानातच होती. त्याने ती काढली होती, असं तो मला शपथेवर म्हणाला.

"सांगतो," तो पुटपुटला. "दोरिनाबाईंना सांगतो."

शटर वर गेलं. अलगद, बाहेरून कुणी उचलावं तसं.

तो उन्हात पालथा पडला. बाहेर कुणी नव्हतं. किडे पुन्हा किर्र करू लागले.

त्याने तिला सांगितलं नाही. त्याने मला सांगितलं. "तुम्ही भाऊ आहात, तुम्हीच सांगा," म्हणाला, आणि ती नळी माझ्या हातात ठेवून गेला. मी हो म्हटलं.

पुढे लोरिसही गेला. नळी माझ्या पुस्तकांच्या खोलीत, खणात आहे. दोरिना नव्वदीला टेकली आहे, दर रविवारी माझ्याकडे जेवायला येते. दर रविवारी मी सांगायचं ठरवतो, आणि राहून जातं.

गेल्या रविवारी ती आली तेव्हा मी त्याच खोलीत होतो. दार उघडेना. कडी काढलेली होती, तरीही.

"लोटू नकोस, ओढ," ती पलीकडून म्हणाली. "एवढी पुस्तकं वाचलीस, दार उघडता येईना?"

मी ओढत राहिलो.



"तुला कधीपासून खोकला झाला रे? अगदी एर्मेससारखा."

मी खोकलो नव्हतो.

दार उघडलं, पण खूप उशिरा. जेवताना तिने दोनदा माझ्याकडे पाहिलं. मी तिला वाढत राहिलो.

उद्या रविवार आहे.