ईव्हज्ड्रॉपर आणि धोंडूबाईंची वळचण

मागच्या खिडकीबाहेर कुणीतरी शिंकलं आणि माझ्या हातातला खडू थांबला.

वाशीचा फ्लॅट तयार होईपर्यंत आम्ही, म्हणजे माझे वडील दादा आणि मी, घणसोली गावात धोंडूबाईंच्या घरी भाड्याने राहत होतो. साल चौऱ्याऐंशी. माझं नुकतंच बी.ए. झालं होतं आणि संध्याकाळी गावातल्या दहावीच्या मुलींना मी इंग्रजी शिकवायचे. शिंक ऐकली तशी तरातरा मागे गेले. बाहेर श्रावणाची सर चालू होती. कौलांच्या वळचणीला, भिंतीला पाठ लावून धोंडूबाईंचा मुलगा गोवर्धन उभा होता. तुर्भ्याच्या कारखान्यातून परस्पर इथंच आलेला. पागोळ्या त्याच्या खांद्यावर गळत होत्या.

"चोरून ऐकता?"

"नाय... उभा व्हतो जरा."

"रोज?"

तो हळूच हसला. हसताना मेल्याच्या एकाच गालाला खळी पडायची. मला उगाचच राग आला.

"तुमच्यासारख्याला इंग्रजीत ईव्हज्ड्रॉपर म्हणतात."

"म्हंजे?"

झालं, माझ्यातली मास्तरीण जागी झाली. "ईव्हज म्हणजे ही वळचण आणि ड्रॉप म्हणजे या पागोळ्या. पूर्वी इंग्रजांच्या मुलखात छपराचं पाणी घराभोवती जिथं पडतं ना, त्या जागेला ईव्हज्ड्रॉप म्हणायचे. तिथं उभं राहिलं की आतलं सगळं ऐकू येतं. मग तसं उभं राहून ऐकणारा तो ईव्हज्ड्रॉपर. गुन्हा होता तो. दंड व्हायचा."

त्याने मान वर करून कौलांकडे पाहिलं. "वलचन माझ्या आयची, पागोल्या आमच्याच कौलांच्या... आन चोर पन मीच?"

मला हसू आवरेना. तेवढ्यात धोंडूबाई टॉवेल घेऊन आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "इंग्रजांचं रीत-भात काय सांगतंस पोरी. आमच्यात पागोलीच्या आत जो उबा ऱ्हायला, त्याला बाहेर नाय ठेवत. वैरी असला तरी घरात घेतो, चा देतो."

त्या दिवसापासून तो आत येऊन उंबऱ्याशी बसू लागला आणि माझ्या शिकवण्याचं खोबरं झालं. त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं की हमखास बघितलं जायचं. येताना तो भाजलेलं कणीस आणायचा, मीठ-तिखट लावलेलं, अजून गरम.

"इंग्रजी शिकायचंय का खरंच?" मी एकदा विचारलं.

"नाय. आवाज ऐकाचा व्हता."

माझे कान तापले. त्या रात्री मला तेच तीन शब्द पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिले... आवडला होता मला तो. फार आवडला होता.

आणि मग फ्लॅटचा ताबा मिळाला. गणपती झाले की सामान हलवायचं, दादांनी सांगितलं. गोवर्धन दोन दिवस उंबऱ्याशी आलाच नाही.

"जाता तुमी?" शेवटी त्याने विचारलं.

"थांबवणारं कुणी आहे का?"

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "उद्या आयला घेऊन येतो. दादांकडं."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी भर पावसात दूध घेऊन मागच्या बाजूने आले तर आतून दादांचा आवाज. पाय वळचणीलाच थांबले.

"...जात वेगळी, चालीरीती वेगळ्या. लोक बोलतील, धोंडूबाई."

"बोलतील दोन दिस. मंग त्यांनाच कंटाला येल."

"दादा," हा गोवर्धन, "तिला इचारा. नको म्हनली तर तुमचा सामान मीच टेम्पोत भरीन. परत तोंड नाय दाखवनार."

शेवटी दादा म्हणाले, "ठीक आहे. ती म्हणेल ते."

 दादांना मी ओळखत होते. दादरचं स्थळ आलं होतं तेव्हा मी नुसती संकोचून गप्प बसले, तर त्यांनी "मुलीला पसंत नाही" असं कळवून टाकलं होतं. तेव्हा बरंच झालं म्हणा. पण आज पुढच्या दाराने शहाण्यासारखी गेले आणि लाजेने जीभ अडकली तर? संपलंच. पागोळ्यांचं पाणी मानेवरून पाठीत उतरत होतं. मी खिडकीचा गज धरला.

"हो, दादा."



"जयमाला? तू बाहेर उभी राहून ऐकत होतीस?"

"हो."

"कधीपासून?"

"लोक बोलतील... तिथपासून."

गोवर्धन खिडकीशी आला. डोळे भरलेले, आणि गालाला ती मेली खळी. "बाई, याला इंग्रजीत काय म्हंतान?"

मी गज तसाच धरून हसले. 

"दिनानाथभाऊ," धोंडूबाई म्हणाल्या, "पोर पागोलीच्या आत उबी हाय. आमी तिला आता बाहेर नाय ठेवत. तुमचं काय ते तुमी बगा."

दादा उठले, खुंटीवरचा टॉवेल घेतला आणि मागचं दार त्यांनीच उघडलं.