वळणावरचे पाच भोंगे

मी स्वभावानं उतावळा, हे आधीच सांगून टाकतो. सत्त्याण्णवचा जानेवारी होता. एमिलीला पहाटे कळा सुरू झाल्या, म्हणून सात वाजता तिला आमच्या रेतीच्या बोटीत घेऊन मी खाडीतल्या आमच्या बेटावरून नायगावच्या धक्क्याकडे निघालो. तिथून रिक्षानं माणिकपूरला इस्पितळात जायचं होतं. खाडीवर असं धुकं, की बोटीचं टोकसुद्धा दिसेना. चिखलाचा वास तेवढा येत होता.

वळणावर खाडी अरुंद होते. पुढे एक बोट रमतगमत चाललेली, नुसता इंजिनाचा आवाज. आमच्यात नियम साधा आहे. मागच्यानं एक भोंगा दिला, म्हणजे त्याला उजवीकडून पुढे जायचंय. पुढच्यानंही एक दिला तरच जायचं. पाच तुटक भोंगे म्हणजे नाही.

मी एक दिला. पुढून पाच आले. पुन्हा एक दिला, पुन्हा पाच.

"काय म्हनतो तो...?" एमिलीनं कण्हत विचारलं.

"काय नाय. तू पडून ऱ्हा."

माझं डोकं फिरलं. नियम धाब्यावर बसवून मी बोट उजवीकडून पुढे काढली. क्षणभर दोन्ही बोटी लगत आल्या. तिच्यातल्या बाईनं डोक्यावरून पदर घेतलेला, मांडीवर बाप्तिस्म्याचा पांढरा झगा. रिकामा. सुकाणूवरचा माणूस तोंड फिरवून उभा होता.

आम्ही अगदी वेळेत पोचलो. मुलगी झाली, मर्लिन. दुसऱ्या दिवशी धक्क्यावरच्या ऑस्करकाकांना मी त्या बोटीबद्दल विचारलं.

"तुज्या मागनं दुपारपर्यंत कोनीच आलं नाय रे," ते म्हणाले.

पंधरवड्यानं बाप्तिस्म्याला निघालो. वळणावर तसंच धुकं. एमिलीनं थंडीमुळे डोक्यावरून पदर घेतलेला, पांढऱ्या झग्यातली मर्लिन तिच्या मांडीवर किरकिरत होती. मागून एक भोंगा आला.

शेवटी घोगरा होणारा तो आवाज मी झोपेतही ओळखीन. तो माझ्याच बोटीचा होता.

मागच्यांना अडवलं तर कळा सोसणारी ती बाई वेळेत पोचेल का? मग मर्लिन...? आणि जाऊ दिलं तर? तो रिकामा झगा...? मी घाबरून पाच भोंगे दिले. पुन्हा एक आला. मी पुन्हा पाच दिले.

"काय म्हनतो तो...?" मागे धुक्यात एमिलीचा आवाज आला. माझ्यासमोरची एमिली तोंड उघडून बोललीच नव्हती.

मागचा थांबणार नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? उजवीकडे इंजिनाचा आवाज लगत आला. मी तोंड फिरवलं.

इतका वेळ किरकिरणारी मर्लिन एकदम गप्प झाली.