चौकडीचा शर्ट आणि सहा पडदे

खरं तर दार चुकलं, एवढंच झालं होतं. कंपनीच्या रिसेप्शनवरच्या बाईंनी डावीकडचं सांगितलं आणि बॉबिन शिरली उजवीकडच्या दारातून. आणि समोर बघते तर काय — भिंतीवर सहा पडदे, आणि सहाही पडद्यांवर तीच! अंगात चौकडीचा शर्ट, सुईत दोरा ओवतेय, ओवतेय... वीस सेकंद झाले की पुन्हा पहिल्यापासून.

पडद्यांसमोर एक तरुण पाठमोरा बसला होता. मागे न वळताच तो म्हणाला, "ती शेवटची बघा. कसली भयाण दिसतेय."

"इतकीही काही वाईट नाही हं," बॉबिन म्हणाली.

तो गर्रकन वळला. तिच्याकडे बघितलं, पडद्यांकडे बघितलं, परत तिच्याकडे. चष्मा वर सरकवला. "म्हणजे... तुम्ही सातव्या," तो म्हणाला.

घरी तिला बॉबिन म्हणत. शिवणयंत्रातल्या दोऱ्याच्या बॉबिनसारखी लहानखुरी आणि सतत गरगर फिरणारी, म्हणून वहिनीनं ठेवलेलं नाव. शिवणाचे धडे ती घरीच रेकॉर्ड करायची, कॅमेरा वहिनी धरायची आणि ही कंपनी ते धडे शिकणाऱ्यांच्या फोनपर्यंत पोचवायची. घरचं नेट म्हणजे आनंदीआनंद. म्हणून दर आठवड्याला धडा मेमरी कार्डात भरून ती स्वतः आणून द्यायची.

"एका धड्याचे आम्ही सहा व्हिडिओ करतो, जाड ते बारीक," तो सांगू लागला. "सहाही क्लाउडवर ठेवतो. बघणाऱ्याचं नेट दमलं की फोन आपोआप बारीक व्हिडिओ उचलतो. धडा थांबत नाही. पण बारीक करताना तपशील गळतात. तुमची चौकडी तर नुसती वळवळते."

"मग सारखा माझाच धडा का लावता?"

"इतकी अवघड चौकडी दुसऱ्या कुणाचीच नाही ना... महिनाभर रोज शंभरदा तीच बघतोय."

आता तुम्हीच सांगा, मुलीनं याचं काय करायचं? एक माणूस महिनाभर रोज शंभरदा तिच्याकडे बघतो, आणि बघतो काय, तर चौकडी. बरं, सांगताना मात्र कान लाल होतात. ती घरी आली आणि वहिनीला सगळं सांगून मोकळी झाली.

"शर्टाकडे कोणी शंभरदा बघतं होय गं?" वहिनी म्हणाली.

"त्याचं कामच आहे ते."

"मग मिटलं की."

मिटलं कुठलं. पुढच्या धड्याला बॉबिननं आणखी बारीक चौकडी घातली. उगीच आपली, बघावं तरी काय होतं. बुधवारी फोन वाजला.

"तुमच्या नव्या शर्टानं सगळं बिघडवलंय," तोच होता. "खरं कापड बघायला मिळेल?"

ती शर्ट घेऊन गेली. त्यानं बाही चष्म्याजवळ नेली, रेघांवरून हलकेच बोट फिरवलं. "छान आहे," तो म्हणाला.

"कोण?"

"अं... शर्ट. शर्टच."

मग तिरप्या पट्ट्या झाल्या, मग ठिपके. दर बुधवारी फोन, आणि दर फोन आधीच्यापेक्षा लांब. पण बोलणं काय, तर कापड, रेघा आणि रंग. कधी वाटायचं, नक्की काहीतरी आहे. कधी वाटायचं, छे, याला माझ्या जागी पुतळा उभा केला तरी चालेल. शेवटी वैतागून तिनं काज करायचा धडा चक्क टिकल्यांच्या जाकिटात दिला.

"काज शिकवतेयस की सर्कस काढलीयस?" कॅमेऱ्यामागून वहिनी म्हणाली.

आठवड्यानं ती नवं कार्ड घेऊन गेली, तेव्हा रिसेप्शनवरच्या बाईंनीच तिला थांबवलं. "त्या बिचाऱ्याचं काही खरं नाही बघा. तुमच्या धड्याचे सहाही व्हिडिओ साहेबांच्या चाचणीत पास झाले तर त्याची नोकरी पक्की. तीनदा नापास झालाय, परवा शेवटची संधी. टिकल्या नडल्या म्हणे."

करायला गेली एक आणि झालं भलतंच. कार्ड तसंच पर्समध्ये टाकून ती घरी आली.

"वहिनी, कॅमेरा काढ. काजाचा धडा परत करायचाय. राखाडी शर्टात."

"त्यात तू भिंतीसारखी दिसतेस गं."

"दिसू दे."

चाचणी पास झाली की त्याच्याकडे फोन करायचं कारणच उरणार नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. धडा देताना दोनदा सुई बोटात घुसली. संध्याकाळी बाईंच्या हातात नवं कार्ड देऊन, त्याला न भेटताच ती परत फिरली.

बुधवारी फोन आला नाही. गुरुवारीही नाही. शुक्रवारी दुपारी वाजला.

"पास झालो," तो म्हणाला. "सहाही, एका झटक्यात. नोकरी पक्की झाली."

"अभिनंदन."

"हो..." तो म्हणाला. "राखाडी का घातलंत?"

बॉबिननं सांगून टाकलं. "टिकल्या मी मुद्दाम घातल्या होत्या. पट्ट्या, ठिपके, सगळंच. तुमचा फोन यावा म्हणून. त्यापायी तुमच्या नोकरीवर बेतेल, हे खरंच माहीत नव्हतं. चुकलं माझं."



"मला वाटायचं, तुमचं कपाटच तसलं असेल," तो हळूच म्हणाला.

"रागावलात?"

"तेच तर कळत नाहीये. दोन दिवस मी तो राखाडी धडा लावून बसलोय. त्यात रेघ नाही, ठिपका नाही, तपासण्यासारखं काही म्हणजे काही नाही. तरी बघतोय. आत्ताच साहेब विचारून गेले, पास झालं ना, मग आता काय बघतोयस? काय सांगू त्यांना?"

"खरं... खरं काय ते सांगा," ती म्हणाली.

"आधी तुम्हाला सांगतो. मला तुम्ही आवडता. चौकडी गेली, तेव्हा कळलं."

बॉबिनला हसू येतंय की रडू, तेच कळेना. दारातून वहिनी खुणेनं विचारत होती, काय झालं, काय झालं.

"हे असलं फोनवर सांगतात का?" ती म्हणाली. "थांबा तिथंच. मी येतेय."