बुडख्यावरचा शिक्का

लालीबाई ओसरीच्या पायरीवर येऊन बसली तेव्हा देवराव आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. पोलीस खात्याला कंटाळून ते मुदतीआधीच बाहेर पडले होते. आता यवतमाळच्या वकिलांसाठी खाजगी तपास करत, तोही कुणी फारच गळ घातली तर. शेजारी बसलेल्या बापूजींकडे लष्कराच्या लिलावातली जुनी जीप होती, त्यामुळे प्रत्येक तपासाची धूळ त्यांच्याही नाकातोंडात जाई.

"दादा, माह्या घरवाल्याले सोडवा," लालीबाई म्हणाली. "धरमसिंगनं नाकेदाराले नाही मारलं."

बातमी बापूजींच्या कानावर आली होती. मुकुटबनपलीकडच्या सागाच्या जंगलात तिथली राखण करणारा बळीराम नाकेदार ओंडक्याखाली चेंगरून मेलेला सापडला होता. ओंडका बियाण्यासाठी राखलेल्या झाडाचा होता. त्या झाडाला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. बुडख्यापाशी धरमसिंगची कुऱ्हाड पडलेली होती आणि त्याच्या गाडीतल्या कडब्यात नाकेदाराचा झाडांवर शिक्का मारायचा हातोडा मिळाला. पोलिसांचं म्हणणं सरळ होतं. गाडीवान चोरून झाड तोडत होता, नाकेदार आडवा आला, झाड अंगावर पडून मेला आणि गाडीवानानं हातोडा पळवला.

"गाडी कुठं असते रात्री?" देवरावांनी डोळे न उघडता विचारलं.

"लाकडाच्या ठेकेदाराच्या तळावरच. बैल तेवढे तांड्यावर आणते तो. कुऱ्हाड बी गाडीतच राह्यते."

आता देवरावांनी डोळे उघडले. "बापूजी, जीप काढा."

"एवढ्या उन्हात?"

"ऊन उतरायची वाट पाहिली तर आपण दोघंही जाणार नाही."

वणीत प्रेत तपासलेल्या डॉक्टरांनी फार वेळ दिला नाही. छाती चेपलेली, म्हणाले, आणि टाळूवर एक खोक. "रुपयाएवढी. अगदी गोल." देवरावांनी मान हलवली. बापूजींना कळेना, एवढा मोठा ओंडका पडला तर एक खोक काय नि दोन काय.

वणीचे जमादार त्यांना रानात घेऊन गेले. फाल्गुन सरत आला होता. साग उघडेवाघडे उभे होते, नजर जाईल तिथवर नुसत्या काटक्या आणि वर पांढरं आभाळ. पायाखाली पाचोळा असा वाजत होता की बापूजींना स्वतःच्या चालण्याचीच लाज वाटली. इथं कुणाच्या मागं चोरपावलांनी येणं शक्य नाही, त्यांच्या मनात आलं.

वाटेत ठेकेदाराची माणसं आरीनं एक झाड पाडत होती. देवराव थांबले. कापलेला भाग हिरवट पिवळा दिसत होता, ओलसर. बुंध्याशी साल तासून शिक्का मारलेला होता आणि त्याच्या कडेनं साल फुगून आत सरकली होती, जखम भरत यावी तशी.

"हा शिक्का कधीचा?" त्यांनी विचारलं.

"मागच्या उन्हाळ्यातला," जमादार म्हणाले. "वर्षभर आधी मारून ठेवतात. शिक्क्याचं झाड तोडायचं, बिनशिक्क्याचं राखायचं. मग हा कूप, म्हणजे तोडीचा पट्टा, बरीच वर्षं बंद. जंगल पुन्हा उभं राहावं म्हणून."

बळीराम मेला ती जागा उतारावर होती. बुडखा वर, ओंडका खाली. बुडख्याचा माथा सपाट होता, रंग गडद तपकिरी. त्यावर वाळकी पानं चिकटली होती. बुंध्याशी शिक्का इथंही होता, कडा एकदम स्वच्छ. देवराव गुडघ्यावर बसले, त्यावरून अंगठा फिरवला आणि कष्टानं उठले.

"काय दिसलं?" बापूजींनी विचारलं.

"तुम्हाला दिसलं तेवढंच."

तळावर ठेकेदार फुलचंद वाटच पाहत होता. "माझं काम बंद पाडलंय, साहेब. मी त्या दिवशी वणीत होतो, सगळा बाजार साक्षीला आहे. शिक्का झाडावर मारतात की फळीवर, तेही मी पाहत नाही. मला जाड माल हवा, एवढं मुकादमाला सांगतो. कुठून आणायचा ते त्यानं पाहावं."

मुकादम पुंडलिकराव तंबूत एकटाच राहत असे. माणूस नीटनेटका, बोलायला मऊ. त्यानं दोघांना सतरंजीवर बसवलं आणि चहा टाकला. बापूजींचं लक्ष सतरंजीच्या कोपऱ्याकडे गेलं. तिथं धुऊनही न गेलेला लालसर तपकिरी डाग होता.

"हे काय सांडलं हो?"

"सागाचा पाला," पुंडलिकराव म्हणाला. "होळीच्या बाजारातून नवीकोरी आणली, न दुसऱ्याच दिवशी मजुरानं त्यावर कवळा पाला चुरगळला. लय रंग देते तो."

"देतो खरा!" बापूजी खुलले. "लहानपणी पानं चोळून आम्ही तळवे लाल करायचो."

देवराव चहा पीत राहिले. "बळीराम तुमच्या ओळखीचे?"

"संगंच म्हातारे झालो आमी." पुंडलिकरावानं रिकाम्या पातेल्यात उगाच पळी फिरवली. "रोज संध्याकायी इथंच येऊन बसे. झाडाईसाठी लय जीव टाके. कायले टाके, कोण जाणे."

देवरावांनी कप खाली ठेवला. बापूजींना वाटलं, त्यांचा चेहरा एकदम दहा वर्षांनी म्हातारा झाला.

थोड्या वेळानं सगळे बुडख्यापाशी जमले. जमादारांनी धरमसिंगला आणवलं होतं, हाताला दोर बांधून. मागं लालीबाई उभी होती.

"कुऱ्हाडीनं माथा असा सपाट होत नाही," देवराव म्हणाले. "हे झाड आरीनं कापलंय आणि आरीला दोन माणसं लागतात. शिवाय आज कापलेला साग पिवळा आहे, हा तपकिरी. हवा लागून साग काळवंडतो, पण त्याला वेळ लागतो. बळीराम मेला त्याच्या कितीतरी आधी हे झाड पडलं होतं."

"मग त्याच्या अंगावर काय पडलं?" जमादारांनी विचारलं.

"उतारावरचा ओंडका पहारेनं ढकलला की एकटा माणूसही खाली घालवू शकतो. पण बळीराम तेव्हा मेलेलाच होता. ओंडक्यानं टाळूवर गोल खोक पडत नाही. हातोड्याच्या तोंडानं पडते. आणि या पाचोळ्यात त्याच्या नकळत कुणी मागं आलं नसतं. तो विश्वासानं पाठ करून बसला होता."

देवरावांनी बुंध्याकडे बोट केलं.

"त्याच हातोड्यानं नंतर या बुडख्यावर शिक्का मारला, गाडीवानानं चोरी झाकायलाच हातोडा पळवला असं वाटावं म्हणून. मागच्या वर्षीचा असता तर पावसाळ्यात साल कडेनं वाढली असती. इथं कडा कोऱ्या आहेत. शिक्का बुंध्याशी कुठं मारतात हे फुलचंदांना ठाऊक नाही, मुकादमांना आहे."

"म्हणून मीच मारलं?" पुंडलिकराव म्हणाला.

"नाही. तुमच्या सतरंजीवर डाग आहे म्हणून."

बापूजींना राहवलं नाही. "पण देवराव, पाल्याचा रंग खरंच लाल असतो!"

"असतो, कोवळ्या पानाचा. जरा मान वर करा बापूजी. मला एक पान दाखवा."

बापूजींनी मान वर केली. चहूकडे काटक्याच काटक्या होत्या. होळीच्या बाजारातून आणलेल्या सतरंजीवर चुरगळायला त्या अख्ख्या रानात एकही हिरवं पान नव्हतं.

पुंडलिकराव खाली बसला. पळून जाण्याचं त्याच्या मनातही आलेलं दिसलं नाही.

"जाड माल पाह्यजे, जाड माल पाह्यजे," तो म्हणाला. "कुपातला सरला, मंग मजुराईकडून राखलेली झाडं पाडली. नाही देल्ला तं उद्यापासून येऊ नको म्हणे. या वयात मले कोण ठेवते? बळीरामले बुडखे दिसले. चहा पीत म्हणला, पुंडलिक, उद्या मी रेंजरले सांगतो, तू बी संग चाल. जसं काई बाजारालेच जायचं हाये. हातोडा बाजूलेच ठेवला होता त्यानं." त्यानं खालच्या ओंडक्याकडे पाहिलं. "रातीच त्याले इथं ओढत आणलं. न तळावर धरमसिंगची गाडी समोरच उभी होती, कुऱ्हाड बी तिच्यातच."

"मले काहून, मुकादम?" धरमसिंगनं विचारलं. "मी तुमचं काय बिघडवलं होतं?"

पुंडलिकरावानं दोन्ही हात जमादारांपुढं धरले.

जमादारांनी धरमसिंगचा दोर सोडून मुकादमाला बांधला. "आणखी किती झाडं?" त्यांनी विचारलं. पुंडलिकराव उठला आणि पुढं चालू लागला. दुपारभर तो एकेक बुडखा दाखवत राहिला, पाचोळा पायानं सारून. बापूजींनी काही वेळानं मोजणं सोडून दिलं. शेवटी तो एका जाडजूड उभ्या सागापाशी थांबला.

"हा उद्या पाडणार होतो," तो म्हणाला. "एवढाच राह्यला."

उतरत्या उन्हात सगळे परतले. तळावर फुलचंदनं जमादारांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, कूप पुन्हा कधी सुरू होईल. मग धरमसिंगकडे वळून म्हणाला, "तयार माल पडलाय. उद्यापासून गाडी लाव."

धरमसिंगनं लालीबाईकडे पाहिलं. तिनं गाडीतला कडबा उपसून जमिनीवर टाकला. त्यानं जू उचललं, आणि बैल नव्हते म्हणून दोघांनी मिळून ती रिकामी गाडी तांड्याच्या वाटेनं ओढायला सुरुवात केली.

बापूजी जीपकडे निघाले होते. पाहतात तो देवराव आधीच गाडीमागं जाऊन चाकाला खांदा देत होते.